रेडॉनच्या पंख्याला इन्व्हर्टर

जालन्यात राहिलेल्या माणसाला कुठलीही वस्तू एकटी बघवत नाही. नळ दिसला की तो हौद शोधतो, हौद दिसला की गच्चीवरची टाकी आणि टाकी दिसली की टँकरवाल्याचा नंबर. घाणेवाडीचा तलाव आटला तर जायकवाडी, जायकवाडीचं पाणी लांबलं तर टँकर, टँकर फिरकला नाही तर जार. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते खरंच आहे, फक्त पाळण्याची एक दोरी तुटली तर दुसरी असावी म्हणून आम्ही ती आधीच आणून माळ्यावर टाकलेली असते.

लाईटीचं तर विचारूच नका. भारनियमनाच्या त्या वर्षांत लेकरं पाढ्यांच्या आधी वेळापत्रक पाठ करायची. गळती किती आणि वसुली किती यावरून फीडरचे गट पडायचे आणि सोयरीक जुळवताना 'मुलाकडचं घर कुठल्या गटात येतं' हे हळूच विचारलं जायचं. भारनियमन गेलं, सवय राहिली. आजही लाईट गेली की आम्ही आधी समोरच्या घरात डोकावतो. त्यांचीही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं. त्यांची असली तर आपला फेज गेला. मग डीपीवर डिओ उडाला की कुठं जम्पर तुटलं, यावर गल्लीत परिसंवाद होतो. तोवर इन्व्हर्टर मुकाट्यानं घर चालवत असतो.

त्यात मी उभी नोकरी काढली ती जालना एमआयडीसीतल्या एका स्टीलच्या कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. भंगार वितळवायचं, त्याच्या बिलेट ओतायच्या, मिलमध्ये लाटून सळई काढायची, हा आमच्या गावचा मोठा धंदा. आणि मेंटेनन्सवाल्याचा धंदा एकच, सगळं नीट चाललेलं असताना 'हे बंद पडलं तर?' असं विचारत फिरायचं. लोक टाळायला लागतात. सौभाग्यवतींनी तर लग्नातच टाळलं असतं, पण तेव्हा आमच्यात तेवढी ओळख नव्हती.

असा माणूस सासरा म्हणून मिळणं हे जावयाचं प्रारब्ध. लेक-जावयानं पेनसिल्व्हेनियात घर घेतलं आणि व्हिडिओ कॉलवरून आम्हाला ते दाखवलं. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झालं, आमच्या अख्ख्या घराएवढं तळघर झालं. तळघराच्या कोपऱ्यात फरशी फोडून एक चार इंची पांढरा पीव्हीसी पाइप उभा केलेला. तो भिंतीतून बाहेर पडून थेट छपराच्या वर गेलेला.

"ड्रेनेजचा व्हेंट का?" मी विचारलं.

"नाही बाबा, रेडॉनचा. बाहेर पंखा बसवलाय. जमिनीतला वायू ओढून वर सोडतो. चोवीस तास चालू असतो."

"चोवीस तास?" माझे कान टवकारले. "मग ह्याला बॅकअप काय?"

"कशाला?"

"लाईट गेली तर?"

"इथं लाईट जात नाही, बाबा."

हे वाक्य मी पूर्वी अनेकदा ऐकलंय, बहुतेक वेळा सबस्टेशनच्या उद्घाटनाला. पुढं काय होतं तेही बघितलंय. पण लेकीच्या नव्या घरात अपशकुन नको म्हणून मी गप्प बसलो आणि रेडॉनचा अभ्यास सुरू केला.

अभ्यास करावा तसा हा वायू जास्तच आवडायला लागला, कारण मेंटेनन्सवाल्याला काळजी करायला जे जे लागतं ते सगळं याच्यात आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीतल्या खडकात युरेनियम असतं, ते झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियमचा होतो रेडॉन. बाकीची मंडळी घन, जागेवर बसून राहतात. हा एकटा वायू, त्यामुळे मातीच्या फटींतून वर सरकतो आणि घराच्या फरशीला जिथं चीर असेल तिथून आत येतो. थंडीच्या दिवसांत घर गरम केलं की आतली गरम हवा वर चढते, तळाशी ओढ तयार होते आणि घर स्वतःच जमिनीतला वायू ओढून घेतं. म्हणजे हीटरचं बिल आपण भरायचं आणि पाहुणा तो घेऊन येणार. रेडॉनचं अर्धं आयुष्य ३.८ दिवसांचं. मरताना त्याच्यातून पोलोनियमचे कण निघतात, ते धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि तिथं किरणं सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे की त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरनं जातात. सिगारेटच्या खालोखाल नंबर याचाच.

आणि हे सगळ्या जगाला कळलं कसं, तर लेकीच्याच पेनसिल्व्हेनियात, एका मेंटेनन्सच्या जातीच्या माणसामुळे. डिसेंबर १९८४. लिमरिकला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं. तिथं स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनिअर कामाला. केंद्रात किरणोत्सर्ग मोजायची फाटकं बसवलेली होती आणि या गृहस्थांनी पाऊल टाकलं की फाटक बोंबलायला लागायचं. बरं, केंद्र अजून सुरूच झालेलं नव्हतं. मग शोध घेता घेता लक्षात आलं की हा माणूस केंद्रातून किरणं घरी नेत नाहीये, घरून केंद्रात आणतोय! त्यांच्या घरातली हवा मोजली. तिकडं लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आकडा गेला की पंखा बसवा म्हणतात. यांच्या घरात निघाले सुमारे २,७००. घर युरेनियमवाल्या खडकाच्या पट्ट्यावर बसलेलं होतं. अणुकेंद्राच्या गेटवर घरचा माल पकडला गेला, असं जगात दुसरीकडं कुठं झालेलं मला तरी माहीत नाही. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. रोज गेटवर अडवलं जाणं काय असतं, ते एमआयडीसीत डबा तपासून घेतलेल्याला कळतं.

हे सगळं मी सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अहो, मग आपल्याकडं आहे का तो?"

वाईट वाटलं, पण खरं सांगावं लागलं. आपल्याकडं तो फारसा टिकायचा नाही. जालना बसलंय दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर आणि त्यात ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियम फारच कमी. त्यातून तळघर नाही. वर आमचं घर असं की एकही खिडकी पूर्ण लागत नाही, स्वयंपाकघराला जाळी, बाथरूमला झरोका, मागच्या दाराखालून मांजराचं पिल्लू ये-जा करतं. रेडॉन चुकून आत आलाच तर त्याला थांबायला कोपरा सापडायचा नाही. अमेरिकेत लाखभर रुपये घालून जी हवा खेळवतात, ती आमच्या सुताराच्या कृपेनं फुकट खेळते. आमच्याकडचा त्रास वेगळा. रात्रपाळीची काजळी सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की दिसते. पण दिसते म्हणून तिला शिव्या तरी देता येतात.

आणि मग व्हायचं तेच झालं. त्या हिवाळ्यात पेनसिल्व्हेनियात बर्फाचा पाऊस पडला, झाडांच्या फांद्या बर्फाच्या वजनानं तारांवर आल्या आणि लेकीकडं लाईट गेली. फोन आला. "बाबा, लाईट गेलीय. तळघरात त्या पंख्याच्या पाइपला नळी असते ना, त्यातलं पाणी दोन्हीकडं सारखं झालंय."

पाइपच्या अंगाला इंग्रजी 'यू'च्या आकाराची बोटभर उंचीची काचेसारखी नळी चिकटवलेली असते, तिच्यात रंगीत द्रव. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची नळी धरतो ना, तशीच. फक्त गवंड्याला दोन्हीकडं सारखं पाणी दिसलं की आनंद होतो आणि इथं सारखं दिसलं की समजायचं, पंखा बंद. पंखा ओढत असला की एका बाजूचा द्रव वर चढतो, दुसऱ्या बाजूचा उतरतो. एवढं साधं, विनाबॅटरीचं, कधीच खोटं न बोलणारं यंत्र बघून माझं मन भरून आलं. पण ते नंतर. आधी घरात युद्धपातळीवर बैठक बसली.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "खिडक्या उघडायला सांगा." बाहेर शून्याखाली तापमान, आत हीटर बंद, आणि यांचं म्हणणं खिडक्या उघडा. कॅन्सर वीस वर्षांनी झाला असता, न्यूमोनिया उद्याच. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपला जुना इन्व्हर्टर माळ्यावर पडलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून देऊ." दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसकट पन्नास किलोच्या वर भरते. ती विमानात नेण्याचा विचार सोडा, आमच्या गल्लीतून रिक्षात चढवायलाही दोन माणसं लागतात. शिवाय आपला इन्व्हर्टर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा, तिकडचा पंखा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. लावला असता तर तो पंखा एकदाच काय तो जोरात फिरला असता.

मी मात्र तडक आमच्या नेहमीच्या बॅटरीवाल्याकडं गेलो. एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची उतरंड, आत हायड्रोमीटर आणि डिस्टिल वॉटरचे कॅन. त्याला सगळं सांगितलं. तो व्यवहाराचा माणूस. कॅन्सर, युरेनियम, वॉट्रस, सगळं ऐकून त्यानं एकच प्रश्न विचारला, "साहेब, वॅट किती?"

हा खरा माणूस. असले पंखे वीस ते नव्वद वॅटचे असतात. साठ धरले. दीडशे एएच गुणिले बारा व्होल्ट, अठराशे वॅट-तास. बॅटरी पार तळापर्यंत ओढायची नाही आणि इन्व्हर्टर स्वतः थोडं खाणार, म्हणून बाराशे धरा. बाराशे भागिले साठ, वीस तास. एक बॅटरी, एक पंखा, जवळपास एक दिवस. "फक्त प्युअर साइन वेव्ह घ्यायला सांगा," तो म्हणाला, "स्क्वेअर वेव्हवर मोटर घूंऽऽ करते आणि तापते." दुकानाच्या पाटीच्या मागच्या बाजूला त्यानं हे गणित खडूनं मांडलं. पाचवी पास माणूस, पण त्याचा आकडा चुकत नाही, कारण चुकला तर गिऱ्हाईक रात्री घरी येतं.

मी विजयी चेहऱ्यानं लेकीला फोन लावला. तिकडं जावयांनी स्वतःचा उपाय काढून ठेवला होता. शेजाऱ्याकडून पेट्रोलचा छोटा जनरेटर आणायचा, बाहेर बर्फ आहे म्हणून तो गॅरेजमध्ये ठेवायचा, गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवायचं आणि रेडॉनचा पंखा सुरू करायचा.

आवाज चढवून जावयाशी बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नाही, पण त्या दिवशी ती मोडली. म्हटलं, जावईबापू, एक वायू वर्षानुवर्षांत त्रास देणारा, त्याला घालवायला तुम्ही मिनिटांत जीव घेणारा वायू घरात आणताय! जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यालाही रंग नाही, वास नाही, पण हा रेडॉनसारखा संयमी नाही. अर्धं शटर त्याला पुरत नाही. २०१२ साली ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ आलं, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात लाखो घरांची लाईट गेली, तेव्हाही असे जनरेटर घराजवळ लावून माणसं दगावली. आमच्या बाजारात दुकानदार जनरेटर फुटपाथवर ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानठळ्या बसतात, चालायला जागा राहत नाही, लोक शिव्या घालतात. पण त्या अडाणीपणात केवढं शहाणपण आहे ते मला त्या दिवशी कळलं.

जनरेटरचा बेत बारगळला. आणि फोन ठेवल्यावर, ओरडून झाल्यावर जे शांत डोकं होतं त्यात, मला आमची भट्टी आठवली.

इंडक्शन भट्टीत एका वेळी टनावारी लोखंड वितळतं, सोळाशे अंशांच्या आसपास. तिला वीज लागते मेगावॅटमध्ये. वीज गेली तर ती अख्खी भट्टी चालवेल असा जनरेटर कोणी शेठ ठेवत नाही, परवडणारच नाही. पण भट्टीच्या भोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, कॉइल, आणि तिच्यातून सतत पाणी फिरत असतं. वीज गेली म्हणून आतलं लोखंड लगेच थंड होत नाही. पाणी थांबलं तर कॉइल जाते, आणि फुटलेल्या कॉइलचं पाणी त्या रसाला भेटलं तर मग शेडचे पत्रेही जागेवर राहत नाहीत. म्हणून उंचावर एक टाकी भरून ठेवलेली असते आणि बाजूला डिझेलवर चालणारा पंप. मेगावॅटची भट्टी गप्प, आणि एवढासा पंप धडधडतोय. नवीन लागलेला पोरगा हमखास विचारायचा, "साहेब, एवढ्या मोठ्या भट्टीला बॅकअप नाही आणि ह्या पंपाला आहे?" त्याला आमचं ठरलेलं उत्तर असे, "बॅकअप मोठ्याला नाही द्यायचा, घाईच्याला द्यायचा."

हेच तर होतं. बॅकअप कशाला हवा, हे भीती किती मोठी यावर ठरत नाही. ती किती वेळात खरी होते यावर ठरतं. रेडॉनचा जो ४ चा आकडा आहे तो वर्षभराच्या सरासरीशी ताडून बघायचा. त्याचा धोका वर्षानुवर्षं श्वासात साठत जातो. लाईट एक दिवस गेली, तळघरातला आकडा वर चढला, लाईट आली, पंखा लागला, आकडा उतरला. वर्षाच्या हिशोबात तो दिवस हरवून जातो. मरण मोठं आहे, पण ते पॅसेंजरनं येतंय. त्याला स्टेशनवर रात्रभर पहारा कशाला?

लेकीला विचारलं, "तळघरात घाईचं काय आहे सांग."

ती म्हणाली, "बाबा, खड्ड्यातला पंप. जमिनीतून पाणी झिरपतं, खड्ड्यात साठतं, पंप ते बाहेर फेकतो. बर्फ वितळायला लागला आणि पंप बंद असला तर काही तासांत तळघरात पाणी."

सौभाग्यवती शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी फोनच हिसकावला. "म्हणजे घरात आपोआप पाणी येतं? आणि तुम्ही ते पंप लावून फेकून देता?" जालन्याच्या बाईनं आयुष्यात ऐकलेलं हे सर्वांत अघोरी वाक्य असावं. रेडॉननं त्या घाबरल्या नव्हत्या, यानं हबकल्या. नंतर दोन दिवस त्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, "फेकून देतात हो!"

तर निकाल असा लागला की बॅटरी घ्यायची, पण ती पाण्याच्या पंपाला. रेडॉनच्या पंख्यानं खुशाल सुट्टी घ्यावी.

मात्र मेंटेनन्सवाल्याला खरी धास्ती वेगळीच होती, आणि ती मी लेकीला समजावून सांगितली. लाईट गेल्याचं सगळ्यांना कळतं. पंखा गेल्याचं कोणालाच कळत नाही. लाईट येते, फ्रिज लागतो, टीव्ही लागतो, सगळे खुश होतात. पण त्या पंख्याचा ब्रेकर ट्रिप झालेला असेल किंवा मोटर जळालेली असेल तर? घराच्या बाहेर, छपराजवळ असलेला पंखा बंद आहे हे सांगणार कोण? तो महिनोन् महिने बंद राहू शकतो आणि घरातले 'आपल्याकडं रेडॉनची सिस्टिम आहे' म्हणून निर्धास्त. कारखान्यात बंद पडलेल्या मशीनला आम्ही कधी भ्यालो नाही. भ्यालो ते चालू समजल्या जाणाऱ्या मशीनला. तेव्हा बाई, बॅकअपपेक्षा ती नळी बघ. सारखी दिसली तर घोटाळा, वरखाली दिसली तर बरं. आणि दोन-एक वर्षांनी हवेची टेस्ट पुन्हा करून घे.

हे काम नातीकडं सोपवलं गेलं, कारण तिची खेळणी तळघरात असतात. हल्ली आमच्या फोनवरच्या गप्पा तिथूनच सुरू होतात. मी विचारतो, "नळी काय म्हणते?" ती सांगते, "वरखाली, आजोबा." शेजारी बसलेले हेडमास्तर मला विचारतात, ही कसली भाषा? त्यांना वाटतं नातीचं पोट बिघडलंय.

शेवटी रीत म्हणून बॅटरीवाल्याकडं जाऊन सगळं सांगून आलो. त्याचं खडूचं गणित पाटीमागं अजून तसंच होतं. म्हटलं, हिशोब एकदम बरोबर होता, पण त्या पंख्याला काही लागत नाही असं ठरलं. पंपाची बॅटरी ते तिकडंच घेतील. तो काही वेळ हायड्रोमीटर फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे साहेब. घाईचं असेल त्यालाच द्यावी." आणि तेवढ्यात, "वहिनी संध्याकाळी सिरियल कुठल्या लाईटवर बघतात?"

मी म्हटलं, "इन्व्हर्टरवर."

"आणि मधेच बंद पडली तर?"

त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. आतल्या पोराला हाक मारली, "साहेबांकडं एक दीडशे एएच पोचव रे. जुनी बदल्यात घेऊन ये."